हैदराबाद कुणाला एकसंध हवे होते?

1 नोव्हेंबर 1956 रोजी औशाची राजधानी बदलली. तोवर हैदराबादकडे जाणारे सरकारी कागद मुंबईकडे जाऊ लागले. उस्मानाबाद जिल्ह्यातला हा तालुका निजामी राजवटीतून सुटून आठ वर्षे झाली होती, पण मराठी मुलखाशी तो जोडला गेला नव्हता. एवढा उशीर कशामुळे झाला?

17 सप्टेंबर 1948 रोजी निजाम शरण आला, तरी हैदराबाद राज्य जसेच्या तसे राहिले. तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे तीन प्रदेश त्यात होते. निजामाच्या काळात कारभाराची भाषा उर्दू, आणि 1918 मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी निजामाविरुद्ध स्टेट काँग्रेसचा लढा चालवला. निजाम गेल्यावर त्यांनी हैदराबादच्या त्रिभाजनाचा आग्रह धरला. संस्थान उभेच राहिले तर सरंजामी व्यवस्थाही टिकून राहील, असे त्यांचे म्हणणे होते.

विरोध आला तो त्यांच्याच पक्षातून. पंडित नेहरूंना हैदराबाद मोडायचे नव्हते. उत्तर आणि दक्षिण यांच्या संगमाची मिश्र संस्कृती तिथे नांदते, असे ते मानत. शिवाय फाळणीची जखम ताजी होती. भाषेवर राज्ये पाडली तर देशाचे तुकडे पडतील, ही धास्ती दिल्लीला होती. 1948 च्या दार आयोगाने भाषिक राज्ये नाकारली. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने 1949 मध्ये तो प्रश्न पुढे ढकलला.

राज्य मागणाऱ्यांच्या निष्ठेवर शंका घेणे अमेरिकेतही घडले. 1849 मध्ये मॉर्मन पंथीयांनी डेझरेट नावाचे राज्य मागितले. बहुपत्नीत्व आणि चर्चची राजकीय हुकमत यांच्या भीतीने वॉशिंग्टनने त्यांना जवळजवळ अर्धशतक ताटकळत ठेवले. 1887 च्या कायद्याने चर्चच्या मालमत्तेवर टाच आणली. 1890 मध्ये चर्चने नवी बहुपत्नी लग्ने थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि 4 जानेवारी 1896 रोजी त्यांचा प्रदेश युटा या नावाने राज्य झाला. तिथे समाजाला आपली एक रीत सोडावी लागली. इथे प्रश्न भाषेचा होता, आणि भाषा सोडून देता येत नाही.

पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणातील मृत्यूनंतर 1953 मध्ये आंध्र झाले आणि दिल्लीचा पवित्रा सैल पडला. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये मराठवाडा हैदराबादेतून काढून मुंबई राज्याला जोडण्याची शिफारस केली. पण गुजराती आणि मराठी प्रदेशांचे मुंबई राज्य द्विभाषिकच राहिले. मुंबई शहर मराठी राज्याला देण्यास भांडवलदार वर्ग आणि मोरारजी देसाई यांच्यासारखे नेते राजी नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबाराने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा कुठे 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

1956 मध्ये नकाशा बारकाईने आखला गेला होता. बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात आले. आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा आले. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, बिचकुंदा ही मंडळे मात्र तेलुगू भागात गेली. लातूर जिल्हा वेगळा व्हायला 1982 उजाडावे लागले, आणि औसा त्यात आला.

मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला, असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या, तसेच मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, असे वचन होते. पुढे दांडेकर समितीने 1984 मध्ये महाराष्ट्रातल्या विकासाच्या अनुशेषाचा हिशेब मांडला. घटनेच्या कलम 371(2) खाली 1994 मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ झाले, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्याची मुदत संपली. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी दिल्लीशी झुंज देऊन मराठी राज्य मागितले, त्यांच्या नातवंडांना त्या वचनाचा हिशेब मुंबईकडे मागण्याचा पूर्ण हक्क आहे.