हापूसची कोय लावून हापूस का मिळत नाही?

मेसमध्ये आमरस झाला की कोणीतरी म्हणतंच, "ही कोय मागे लावून टाकू, पुढच्या बॅचला फुकट हापूस!" आयडिया छान आहे, पण कोकणातला बागायतदार हापूसची बाग कोयीपासून करत नाही, तो कलमंच लावतो. असं का? त्यासाठी फुलाचं फळ कसं होतं ते बघायला हवं.

आंब्याच्या मोहोराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधीकधी हजारो फुलं असतात. त्यातली बरीचशी फक्त नर, म्हणजे त्यांना फळ धरणारच नाही. बाकीच्या प्रत्येक फुलात एक इवलंसं अंडाशय आणि त्यात एकच बीजांड असतं. माश्या आणि इतर किडे परागकण आणून फुलाच्या कुक्षीवर सोडतात. तिथे परागकणाला चक्क मोड फुटतो, आणि त्याची बारीक नळी वाढत वाढत बीजांडापर्यंत पोचते. या नळीतून दोन नरपेशी आत जातात.

दोन कशाला? पहिली अंडपेशीला मिळते आणि भ्रूण, म्हणजे झाडाचं बाळ तयार होतं. दुसरीपासून बाळाचा जेवणाचा डबा, म्हणजे भ्रूणपोष बनतो. हे दुहेरी फलन १८९८ साली सर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. शहाळ्याचं पाणी आणि खोबरं म्हणजे नारळाचा हा डबाच! आंब्याचं बाळ मात्र डबा लवकर संपवतं आणि कोयीतल्या दोन जाड दलांमध्ये अन्न साठवून ठेवतं.

इकडे बीजांडाचं बी होत असताना अंडाशयाची भिंत फुगत जाते. तिचा बाहेरचा थर म्हणजे साल, मधला गर आणि आतला म्हणजे कोयीचं कडक कवच. थोडक्यात काय, तर आपण जो गर चाटूनपुसून खातो ती अंडाशयाची भिंत आहे, आणि ती पूर्णपणे आईच्या झाडाची! म्हणून शेजारच्या रायवळाचे पराग पडले तरी हापूसच्या झाडाला हापूसच लागतो. कोयीतलं बी मात्र आई-बाप दोघांचं. त्यात गुणांची नव्याने सरमिसळ होते, त्यामुळे उगवणारं झाड हापूससारखं निघेल याची गॅरंटी नाही. कलमात हापूसची फांदीच जोडलेली असते, म्हणून फळ तेच मिळतं.

मग बी बिनकामाचं का? मुळीच नाही. वाढणारं बी संप्रेरकं तयार करतं आणि त्यांच्या जोरावर फळ झाडाला धरून राहतं. फलन झालं नाही तर बहुतेक फळं वाटाण्याएवढी असतानाच गळतात. म्हणूनच मोहोर फुललेला असताना कीटकनाशकाची फवारणी जपून करावी लागते. तुडतुडे मरतात खरे, पण त्यांच्याबरोबर पराग आणणाऱ्या माश्याही मरतात, आणि नुकसान बागायतदाराचंच होतं.

आणखी एक गंमत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढली, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्यापासून अगदी पातळ कोयीची 'सिंधू'. या दोन्ही जातींचं पहिलं झाड कोयीतूनच उगवलं होतं! तेव्हा हापूसच हवा असेल तर कलम लावा. पण काहीतरी नवीन हवं असेल, तर सुरुवात कोयीपासूनच करावी लागते.