व्हिस्की सावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक बर्फासोबत जोरात हलवून गाळला की व्हिस्की सावर तयार होते. अमेरिकी बारटेंडर जेरी थॉमस यांच्या 1862 च्या पुस्तकात ‘सावर’ या आंबट-गोड पेयांच्या कृती आहेत. एका ग्लासाचे प्रमाण असे: व्हिस्की 60 मिली, म्हणजे एक मोठा पेग, ताजा लिंबूरस 25 मिली, समप्रमाणात साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक 20 मिली. नीरा डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत यातील गोडवा घरचाच असतो. पेयाविषयीच्या समजुती मात्र बऱ्याचदा चुकीच्या असतात.

गैरसमज: व्हिस्की म्हणजे धान्याचीच दारू.
वस्तुस्थिती: युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हिस्की धान्यापासूनच बनवावी लागते आणि ती लाकडी पिंपात किमान 3 वर्षे मुरवावी लागते. भारतातील नियम अधिक सैल आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर किंवा बिजवडीच्या कारखान्यात उसाचा रस आटवून साखर काढली की शेवटी दाट, काळी मळी उरते. अशी मळी आंबवून डिस्टिलरीत मद्यार्क काढतात. देशात मळीच्या किंवा धान्याच्या मद्यार्कात थोडे माल्ट स्पिरिट मिसळून बनवलेल्या अनेक व्हिस्की विकल्या जातात. त्यामुळे बाटलीतल्या व्हिस्कीचे मूळही उसातच असू शकते. तरी सगळी भारतीय व्हिस्की अशी नसते. बेंगळुरूची ‘अमृत’ सिंगल माल्ट 2004 मध्ये बाजारात आली. ती आणि गोव्याची ‘पॉल जॉन’ या दोन्ही सातूच्या माल्टपासून बनतात. घटक कोणते, हे लेबल वाचूनच कळते.

गैरसमज: रंग जितका गडद, तितकी व्हिस्की जुनी.
वस्तुस्थिती: पिंपाच्या लाकडातून रंग उतरतो हे खरे, पण कॅरॅमल, म्हणजे जळवलेल्या साखरेचा रंग, घालण्याची मुभा भारतात आहे आणि स्कॉचलाही आहे. रंगावरून वय ठरत नाही. सावरसाठी फार महागडी, जुनी व्हिस्की लागतही नाही. लिंबाच्या आंबटपणात तिचे बारकावे झाकले जातात.

गैरसमज: परदेशी कृतीतले ‘लेमन’ म्हणजे आपले लिंबू.
वस्तुस्थिती: लेमन हे जाड सालीचे, मोठे, पिवळे फळ. आपल्या बाजारात मिळते ते कागदी लिंबू वेगळ्या जातीचे, लहान आणि अधिक आंबट असते. म्हणून सुरुवातीला 20 मिली रस घालावा, चव घ्यावी आणि मगच वाढवावा. रस आयत्या वेळी पिळावा; बाटलीबंद रसाला ताज्या रसाचा वास येत नाही.

गैरसमज: साखरेऐवजी गूळ घातला की पेय पौष्टिक होते.
वस्तुस्थिती: गुळातही मुख्यतः साखरच असते आणि त्यातल्या थोड्याशा खनिजांमुळे मद्याचा अपाय कमी होत नाही. गूळ वापरायचा तो चवीसाठी. 100 ग्रॅम गूळ चिरून 100 मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवावा, उकळू नये. नंतर पातळ फडक्यातून गाळावा. फडक्यावर राहिलेली बारीक कचकच ग्लासात नको. हा पाक तपकिरी होतो आणि त्याला किंचित खारट, खमंग चव असते. काकवी वापरायची असेल तर ती आधी पाण्याने पातळ करावी, नाहीतर थंड होताच भांड्याच्या तळाशी चिकटते.

गैरसमज: बर्फ जास्त घातला की पेय पाणचट होते.
वस्तुस्थिती: घडते उलट. थोडाच बर्फ असेल तर तो झपाट्याने वितळतो. भांडे बर्फाने भरलेले असेल तर पेय लवकर थंड होते आणि पाणी बेताचे सुटते. हे सुटलेले पाणी कृतीचाच भाग आहे. त्यावाचून चव टोचते. शेकर नसल्यास घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. 12 ते 15 सेकंद जोरात हलवावे. बाटली बाहेरून घामेजली आणि हाताला बोचरी गार लागली की चहाच्या गाळणीतून पेय ग्लासात गाळावे.

गैरसमज: दारू आणि लिंबामुळे कच्चे अंडे निर्जंतुक होते.
वस्तुस्थिती: वर फेस यावा म्हणून काहीजण 15 ते 20 मिली अंड्याचा पांढरा भाग घालतात. इतक्या थोड्या वेळात साल्मोनेला जंतू मरतीलच असे नाही. काबुली चणे शिजवल्यावर उरलेल्या दाटसर पाण्यानेही चांगला फेस येतो. आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून, असे दोनदा हलवावे.

गैरसमज: ग्रेनेडाइन म्हणजे चेरीचे लाल सरबत.
वस्तुस्थिती: हे नाव डाळिंबाच्या फ्रेंच नावावरून आले आहे आणि मूळ पाक डाळिंबाचाच. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागा आहेत. ताज्या रसात तितकीच साखर विरघळवली की अस्सल ग्रेनेडाइन घरी होते. तो पाक, लिंबूरस, संत्र्याचा रस आणि राय व्हिस्की मिळून बोस्टनची ‘वॉर्ड एट’ बनते. ‘न्यूयॉर्क सावर’मध्ये तयार सावरवर चमच्याच्या पाठीवरून 15 मिली लाल वाइन हळू ओततात, ती वर तरंगते.

गैरसमज: गोड कॉकटेल सौम्य असते आणि घरात प्यायला परवाना लागत नाही.
वस्तुस्थिती: भारतीय व्हिस्कीत साधारणपणे 42.8 टक्के मद्यार्क असतो. म्हणजे 60 मिलीच्या पेगात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. गोडव्यामुळे तो जाणवत नाही, पण कमीही होत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवाना घ्यावा लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. घरी पेय मिसळणे आणि घरी दारू गाळणे यांतही फरक आहे: विनापरवाना दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि तशा दारूत मिथेनॉल असल्यास दृष्टी जाऊ शकते किंवा जीवही जाऊ शकतो. पेयाचा पाया सीलबंद, परवानाप्राप्त दुकानातल्या बाटलीचाच असावा, आणि पिणाऱ्याने त्यानंतर गाडी चालवू नये.