मोटारसायकलचे कूलंट कसे निवडावे

मोटारसायकलच्या इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा फार तर तिसरा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते आणि उरलेली सिलिंडरच्या धातूत मुरते. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर ऑइल पातळ होते, पिस्टन फुगतो आणि शेवटी इंजिन जाम होते.

जालना जिल्ह्यातल्या शहागडसारख्या गावात दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांना, म्हणजे स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना यांना, कूलंट लागतच नाही. त्यांच्या सिलिंडरवरच्या पत्र्यासारख्या पंखांना वारा लागतो आणि इंजिन निवते. पल्सर 220 किंवा एनएस 160 या गाड्यांना पुढे लहानशी जाळी दिसते, पण तिच्यातून इंजिन ऑइलच फिरते. तो ऑइल कूलर असतो. कूलंटचा प्रश्न येतो तो लिक्विड कूल्ड गाड्यांना. 2008 मध्ये यामाहाची आर 15 आली, 2012 मध्ये केटीएमची 200 ड्यूक आणि बजाजची पल्सर 200 एनएस आली, आणि रेडिएटर असलेली गाडी तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. पुढे डॉमिनार 400, एमटी 15, हिमालयन 450 यांची भर पडली.

शहागड हे अंबड तालुक्याच्या टोकाला, गोदावरीच्या काठावरचे गाव. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग 52 इथेच नदी ओलांडतो; पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडावे लागते, समोरून वारा मिळत नाही आणि सारा भार रेडिएटरच्या पंख्यावर येतो. पाचट आणि धूळ जाळीत अडकली तर तोही अपुरा पडतो. अशा भागात कूलंट निवडताना पाहायचे मुद्दे हिमालयातल्यापेक्षा वेगळे असतात.

कूलंट म्हणजे पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायने यांचे मिश्रण. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही. ग्लायकॉल त्या बाबतीत पाण्यापेक्षा मागेच आहे. त्याचे काम दुसरे. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, म्हणून प्रत्यक्षात साधे पाणीही 120 अंशांच्या आसपास तग धरते आणि मिश्रण त्याहून काही अंश अधिक. गोठण्याची भीती मराठवाड्यात नाही. उकळण्यातला फरकही थोडकाच आहे. ‘उन्हाळ्यात पाणी घातले तरी चालते’ हा समज इथूनच येतो, आणि इंजिनाचे खरे नुकसान तोच करतो.

कारण सगळ्यात मोलाचा घटक तिसरा, गंजरोधक. आजच्या गाड्यांचे सिलिंडर हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. त्यात बोअरचे पाणी ओतले की दुहेरी नुकसान सुरू होते. मराठवाड्याच्या काळ्या खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. पाणी तापवण्याच्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच सिलिंडरभोवतीच्या अरुंद वाटांत चढतो आणि उष्णतेची वाट अडवतो. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. मोटारसायकलमध्ये कूलंट मावते साधारण लिटरभर. एवढ्या थोड्या साठ्यात चूक लवकर अंगाशी येते. कॉन्सन्ट्रेट घेतले असेल तर त्यात डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच मिसळावे. बॅटरीचे पाणी म्हणून दुकानांत मिळते ते हेच. फक्त बाटली सीलबंद असावी आणि आत ॲसिड नसावे. फिल्टरचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण त्यात क्षार उरलेले असतात.

गंजरोधकांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट यांसारखी अजैविक रसायने असतात. ती धातूवर पटकन संरक्षक थर चढवतात, पण लवकर खर्ची पडतात. आयुष्य साधारण दोन वर्षे. दुसऱ्या वर्गात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. बाटलीवर ‘ओएटी’ असे लिहिलेले असते. हे जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात, म्हणून पाच वर्षांपर्यंत टिकतात. दोहोंची सांगड घातलेले ‘एचओएटी’ही मिळते. मोटारसायकलला सिलिकेटविरहित कूलंट बरे. सिलिकेटमुळे वॉटर पंपाचे सील लवकर झिजते आणि रेडिएटरच्या वाटा तुंबू शकतात, अशी सूचना होंडाच्या माहितीपुस्तिकांतही असते. हे सील गेले तर पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकू लागते. ते थेंब दिसताच गाडी मेकॅनिककडे न्यावी.

रंगावर मात्र अजिबात विसंबू नये. हिरवा, निळा, गुलाबी हा नुसता टाकलेला रंग असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा. एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत दोन वेगळी रसायने असू शकतात. वेगळ्या वर्गांची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक निकामी होतात, कधी गाळही बसतो. जुने कोणते आहे ते ठाऊक नसेल तर वर भर घालण्यापेक्षा सगळे काढून, डिस्टिल्ड पाण्याने आतून धुऊन नवे भरणे केव्हाही श्रेयस्कर. बाटलीवर पाहायचे ते असे: ॲल्युमिनियम इंजिनासाठी योग्य असल्याचा उल्लेख, सिलिकेट नसल्याची नोंद, आयएस 5759 किंवा जेआयएस के 2234 यांसारखे मानक, आणि ते तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले की गंजरोधक पातळ होतो. कॉन्सन्ट्रेट तसेच ओतले तर उष्णता कमी वाहते आणि इंजिन उलट जास्त तापते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत वेगळे प्रमाण किंवा मुदत दिली असेल तर तीच धरावी.

पातळी पाहायची ती इंजिन थंड असताना, बाजूच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर दाब सुटताच आतले द्रव उसळून चेहरा-हात भाजतात. वाटेत कूलंट गळून गेले आणि जवळ दुसरे काहीच नसेल, तर गाडी निवल्यावर मिळेल ते स्वच्छ पाणी घालून मुक्कामाला पोहोचावे. पण लवकरात लवकर ते काढून टाकावे. ऑइल दुधट, फेसाळ दिसले तर कूलंट आत शिरले आहे असे समजून इंजिन लगेच बंद करावे.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवले तर कुत्री, वासरे ते चाटतात, आणि पाण्याच्या बाटलीत भरून ठेवले तर लहान मूल ते पिऊ शकते. म्हणून ते झाकणाच्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. नालीत किंवा गोदावरीच्या पात्रात ओतू नये.