गुड न्यूज आहे... पण ब्रूनोचं काय?

घरात पाळणा हलणार म्हटलं की पहिली गदा येते ती कुत्र्या-मांजरावर. खरं तर थोडी आधीपासून तयारी केली, तर बाळ आणि पेट दोघंही एका घरात मजेत राहू शकतात!

ताईने 'गुड न्यूज' दिली, तेव्हा अभिनंदनाच्या पाठोपाठ आईचा प्रश्न आला, "मग आता त्या कुत्र्याचं काय करणार?" हाच प्रश्न पुढे सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला. एका काकांनी तर ओळखीतलं फार्महाउसही सुचवून टाकलं. पाच वर्षांचा आमचा लॅब्राडोर ब्रूनो तेव्हा ताईच्या चपलेवर डोकं ठेवून घोरत होता.

ताई-जिजूंनी त्याला ठेवायचं ठरवलं. पण 'आमचा ब्रूनो काही करणार नाही हो' या भरवशावर नाही. त्यांनी चक्क प्लॅनिंग केलं.

बदल आधी, बाळ नंतर

कुत्र्याला बाळ येणार हे कळत नाही, बदल मात्र लगेच कळतो. फिरायची वेळ चुकली, बेडरूमचं दार बंद झालं, येता-जाता ओरडा बसायला लागला आणि हे सगळं बाळ आलं त्याच दिवशी घडलं, तर तो त्याचा संबंध बाळाशी जोडणारच. म्हणून पाचव्या महिन्यातच ब्रूनोचं अंथरूण बेडरूममधून हॉलमध्ये गेलं. सकाळचा वॉक जिजूंकडे आला. अंगावर उडी मारायची नाही, खाली बसलं तरच लाड, हा नियम झाला. पाळणाही लवकर आणला. मोबाइलवर बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी हळू लावायचा आणि सोबत बिस्किट द्यायचं. तो निवांत असेल तरच दुसऱ्या दिवशी आवाज थोडा वाढवायचा. फंडा सोपा आहे, रडणं म्हणजे खाऊ!

माहेरपणाची अडचण

परदेशी पुस्तकांतली आई दोन-तीन दिवसांत हॉस्पिटलमधून घरी येते. आपल्याकडे ती सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येते. कुत्र्याच्या बाजूने बघा, त्याचं हक्काचं माणूस अचानक गायब होतं आणि कित्येक महिन्यांनी एक रडणारं गाठोडं घेऊन उगवतं! ताई नाशिकला गेली, तेव्हा ब्रूनो दोन दिवस नीट जेवला नाही, दारापाशीच बसून राहिला.

बाळ झाल्यावर जिजू दर वीकएंडला नाशिकहून बाळाचं वापरलेलं दुपटं घेऊन पुण्याला यायचे. ब्रूनोला ते लांबून हुंगू द्यायचं, शाबासकी द्यायची आणि उचलून ठेवायचं. खेळायला मात्र द्यायचं नाही.

ताई परत आली त्या दिवशी जिजूंनी आधी ब्रूनोला भरपूर फिरवून दमवलं. बाळ आईकडे, खाली गाडीत. ताई एकटीच वर आली आणि दहा मिनिटं फक्त त्याची झाली. मग बाळ आलं. पट्टा हातात, पण सैल. पहिली भेट जेमतेम दोन मिनिटांची.

आणि तो गुरगुरला

खरी परीक्षा आठव्या महिन्यात झाली. रांगत रांगत बाळाने ब्रूनोचा कान धरून ओढला आणि तो गुरगुरला. आई किंचाळली, फार्महाउसचा विषय पुन्हा निघाला. जिजूंनी बाळाला उचललं, ब्रूनोला मात्र रागावले नाहीत. कारण गुरगुरणं ही सूचना असते. तिच्यासाठी मार बसला, तर कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो. त्याआधीही तो बोलत असतोच. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, अंग ताठ करणं. ते आपण वाचायचं.

दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये सेफ्टी गेट लागलं. ब्रूनोला बाळ पोहोचणार नाही असा कोपरा मिळाला. आणि एक नियम भिंतीवर चिकटला, दोघांना एका खोलीत एकटं ठेवायचं नाही. फोन घ्यायलासुद्धा नाही.

सगळ्यांचंच असं जमेल असं नाही. कुत्रा आधी कुणाला चावला असेल किंवा खाण्याजवळ कुणाला येऊ देत नसेल, तर बाळ यायच्या आधीच व्हेटशी मोकळेपणाने बोला. कधी कधी चांगलं दुसरं घर शोधणंच शहाणपणाचं ठरतं. पण रस्त्यावर सोडून देणं हा पर्याय नाही.

परवा आईचा नाशिकहून फोन आला. तिचा पहिला प्रश्न होता, "ब्रूनो जेवला का?"

हे विसरू नका!

* रेबीजची लस, जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त बाळ यायच्या आधीच करून घ्या.
* घरात मांजर आहे? तिची विष्ठा टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग पसरवू शकते, पण त्यासाठी विष्ठा किमान एक दिवस पडून राहावी लागते. म्हणून ट्रे रोज साफ करा. हे काम गर्भवतीने नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचं. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्यांतूनही हा संसर्ग होतो, हेही लक्षात असू द्या.
* मांजराला पाळण्यात झोपायची सवय लागू देऊ नका.
* बारशाच्या गर्दीत पेटला वेगळ्या, शांत खोलीत ठेवा.
* बाळ जागं असतानाही पेटचे लाड करा. बाळ झोपल्यावरच त्याच्याकडे बघितलं, तर त्याला बाळ नकोसंच वाटणार ना!