मायची मया

साठी उलटल्यावर माणसाने नातवंडांना खेळवावे. आमच्याकडे उलटेच झाले. नातीने मला खेळवायला घेतले! गेल्या हिवाळ्यात, मेहरूणच्या आमच्या घरी, तिने मला संगणकापुढे बसवले आणि म्हणाली, "आबा, आजपासून पायथन!"

मी दचकलो. ती हसली. "अजगर नव्हे हो! ग्विडो व्हॅन रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेली ही संगणकाची भाषा. नाव घेतले ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून."

विनोदाशी नाते आहे म्हटल्यावर मला धीर आला. चार दिवसांनी धडा निघाला 'डिक्शनरी'चा. आणि मला आठवला माझा बिस्किटांचा डबा.

त्या डब्यात माझ्या मायचे शब्द होते. माय शाळेची पायरी चढली नव्हती. तिच्या तोंडी खानदेशी बोली. 'ळ'चा 'य' व्हायचा. डोळा म्हणजे 'डोया', आभाळ म्हणजे 'आभाय'. ती गेल्यावर आठवेल तो शब्द मी चिठ्ठीवर टिपत असे. मोजून ६० चिठ्ठ्या झाल्या होत्या.

"मग सरावाला हेच शब्द घ्या," नात म्हणाली.

रीत सोपी आहे. महिरपी कंस उघडायचा. अवतरणात शब्द, मग दोन टिंबे, मग अवतरणात अर्थ. "डोया": "डोळा". स्वल्पविराम देऊन पुढची जोडी. शब्द ही किल्ली, अर्थ हा कुलपाआडचा ऐवज. देवनागरीही चालते, हे पाहून मला फार बरे वाटले. १८३१ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशात शब्द शोधायला पाने उलटावी लागतात. इथे संगणक त्या शब्दावरूनच एक गणित मांडतो आणि थेट योग्य कप्प्याशी जातो. कोशात नसलेला शब्द विचारला, तर मात्र 'की-एरर' म्हणून वस्सकन अंगावर येतो! 'गेट' म्हणून विचारले की तोच नम्रपणे सांगतो, काही नाही. माणसांप्रमाणेच, विचारण्याच्या पद्धतीवर सारे अवलंबून!

मी रोज पाच-सात शब्द घालू लागलो. एक शब्द घातला की त्याची चिठ्ठी फाडायची, असा माझा शिरस्ता. शेवटची चिठ्ठी फाडली आणि ऐटीत 'लेन'ला विचारले, किती शब्द? उत्तर आले: ५९.

पोटात धस्स झाले. मायचा एक शब्द मी हरवला होता, आणि चिठ्ठी केराच्या टोपलीतून केव्हाच गेली होती. दोन रात्री झोप नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला गेलो. दिवस बोरांचे. टोपली घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "घ्या नाना, आमच्या मयातली बोरं!"

मया! बोरे न घेताच मी घरी धावलो. मायच्या तोंडी 'मया' म्हणजे मळा. आणि 'मया' म्हणजे मायाही! संगणकात पाहिले, तर 'मया'पुढे एकटी 'माया' उभी. मळा गायब!

नातीने समजावले, "आबा, एका किल्लीला एकच जागा. तीच किल्ली पुन्हा लिहिली, की नवा अर्थ जुन्यावर बसतो. आणि संगणक चकार शब्द बोलत नाही. दोन अर्थ हवेत, तर त्या जागी चौकोनी कंसात यादी ठेवायची."

तसे केले. आता 'मया'पुढे मळाही आहे आणि मायाही. 'लेन' अजून ५९च सांगते, पण आता मला त्याचे दुःख नाही.

जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या. दुसऱ्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, कारण घरच्या माणसांनी ती वेळेवर टिपून ठेवली होती. माझी माय काही कवयित्री नव्हती. पण तिचे शब्दही कोणी तरी टिपायलाच हवे होते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घरची वडील माणसे फराळाला जमतील, तेव्हा त्यांचे चार शब्द टिपून घ्या. वहीत घ्या, नाहीतर संगणकात घ्या. फक्त एका शब्दाला एकच अर्थ असतो, असे मानू नका. आणि माझे ऐकाल, तर चिठ्ठ्या फाडू नका!