चाळीस हजार पत्ते आणि तीन तारे

संगणकीकृत दुर्बीण घेणाऱ्याला वाटतं, बटण दाबलं की शनी समोर. पण वांगणीच्या माळावर एखादी रात्र काढली की कळतं, त्या बटणापर्यंत पोचायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, आणि खरं कसब असतं ते तेवढ्या वेळातच.

बदलापूर आणि नेरळच्या मधलं हे गाव मुंबई-ठाण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या चांगल्या परिचयाचं. खगोल मंडळासारख्या संस्थांनी इथे रात्रभराचे कितीतरी कार्यक्रम केले आहेत. बदलापूरच्या बाजूचं आकाश आता बरंच उजळलंय, तरी जानेवारीत अमावास्येच्या सुमारास मृग नक्षत्र वर आलं की शहरात न दिसणारे तारे इथे दिसायला लागतात. मंडळी लोकलने उतरतात ती उजेड असतानाच. तिवई अंधारात उभी करायची म्हणजे गवतात स्क्रू शोधत बसायचं.

अशा दुर्बिणींमधलं ओळखीचं मॉडेल म्हणजे सेलेस्ट्रॉनची आठ इंची ‘नेक्सस्टार ८ एसई’. नारिंगी रंगाची आखूड नळी आणि तिला एकाच बाजूने धरणारा जाडजूड हात. मुख्य आरसा २०३ मिलिमीटरचा, नाभीय अंतर २०३२ मिलिमीटर. प्रकाशाची ही दोन मीटरची वाट आरशांनी आतल्या आत दुमडून घेतलेली असते, म्हणून नळी जेमतेम हातभर लांब. तिवईचे पाय आधी कडक जमिनीवर रोवायचे, मग पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा. त्यावर यंत्राचा हात बसवायचा आणि शेवटी नळी. ती बसवताना एकाने धरायची आणि दुसऱ्याने खटका आवळायचा, हे बरं. एकट्याने करू पाहणाऱ्याकडे बाकीचे श्वास रोखून बघत असतात.

बसवल्याबरोबर डोळा लावून उपयोग नाही. घरून आलेली नळी आतून उबदार असते, आणि ती हवा हलत राहते तोवर तारे पाण्यात पडल्यासारखे थरथरतात. तेवढ्यात विजेची सोय पाहून घ्यायची. यंत्राच्या पोटात आठ पेन्सिल सेल बसतात खरे, पण मोटरी ते भराभर पितात, आणि दाब उतरला की दुर्बीण भ्रमिष्टासारखी वागू लागते. म्हणून जाणती माणसं १२ व्होल्टची बॅटरी आणतात. तिची वायर मात्र ढिली ठेवावी लागते, कारण हात गोल फिरत जातो आणि वायर तिवईला गुंडाळत जाते.

ध्रुवतारा मात्र लागत नाही, हे आपल्याकडच्या लोकांच्या पथ्यावर पडलं आहे. विषुववृत्तीय बैठकीची दुर्बीण आधी ध्रुवाकडे रोखावी लागते, आणि वांगणीच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून कसाबसा १९ अंश वर. मध्ये एक झाड आलं की कारभार आटोपला. नेक्सस्टारची बैठक सरळ आडवी-उभी फिरते.

आता हातातला कंट्रोलर. टीव्हीच्या रिमोटएवढा, वर लाल पडदा. तो जागा विचारतो, वेळ विचारतो, तारीख विचारतो, आणि चुका होतात त्या इथेच. यंत्राची घडण अमेरिकी वळणाची: तारखेत आधी महिना, मग दिवस. आपल्या सवयीने १० जानेवारी १०/०१ अशी भरली की यंत्राच्या लेखी १ ऑक्टोबर उजाडतो. रेखांश ७३ अंश पूर्व, तिथे पश्चिम राहून गेलं तर दुर्बीण भलत्याच खंडात पोचते. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याबद्दलही ती विचारते. आपल्याकडे ती भानगड नाही, तेव्हा प्रमाणवेळ निवडून पुढे जायचं. जागतिक वेळेपासूनच्या आपल्या साडेपाच तासांच्या फरकातला अर्धा तास विसरला तरी हिशोब साडेसात अंशांनी चुकतो, कारण आकाश ताशी १५ अंश सरकतं.

आणि तरीही तिला अजून काहीच माहीत नसतं. चाळीस हजार पत्ते तिच्या स्मृतीत आहेत. आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत, तेवढंच तिला ठाऊक नाही. ते सांगायला माणूस लागतो. ‘स्कायअलाइन’ पद्धतीत कोणत्याही तीन ठळक गोष्टी दाखवायच्या, नावंसुद्धा सांगायची नाहीत. जानेवारीत रात्री आठच्या सुमारास आग्नेयेकडचा व्याध, ईशान्येकडे वर आलेला ब्रह्महृदय आणि नैर्ऋत्येला मावळतीकडे झुकलेला मीनास्य हे त्रिकूट सोयीचं पडतं. व्याध आणि ब्रह्महृदय यांच्यात सुमारे ६६ अंशांचं अंतर आहे. अशी तिन्ही अंतरं ताडून पाहून यंत्र ओळखतं की हे कोण. तिन्ही तारे एकाच कोपऱ्यातले निवडले तर हिशोब कच्चा राहतो.

दाखवणं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बाणाची बटणं दाबत नळी व्याधाकडे न्यायची, मोटरीची घरघर चालू. शोधकातला लाल ठिपका ताऱ्यावर आला की ‘एंटर’. आता वेग आपोआप मंदावतो. नेत्रिकेत तारा कडेला तडफडत असतो. त्याला मुंगीच्या पावलाने मध्यावर आणायचं आणि ‘अलाइन’ दाबायचं. शेवटचं सरकवणं वर आणि उजवीकडेच करायचं, असा नियम. दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असते, आणि दर वेळी एकाच बाजूने आल्यास ती हिशोबात लुडबुडत नाही. तिसऱ्या ताऱ्यानंतर पडद्यावर ‘मॅच कन्फर्म्ड’ उमटलं की आजूबाजूचे लोक उगाचच टाळ्या वाजवतात.

इथून पुढे कोणी तिवईला पाय लावायचा नाही. मोटरीवरचे एन्कोडर आपण किती फिरलो हे मोजत असतात. धक्का त्यांना कळत नाही. लहान मूल धडकलं तर दुर्बीण पूर्ण आत्मविश्वासाने रिकाम्या आकाशाकडे बोट दाखवते.

‘एम ४२’ असा आकडा दाबला की नळी मृगाकडे वळते आणि सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ राखाडी पिसासारखा समोर येतो. रंग नाहीत. ते कॅमेऱ्यात दिसतात, डोळ्याला नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला सांगावं लागतं. देवयानीची दीर्घिका आणखी निराश करते. ती आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून या दुर्बिणीत ८१ पट मोठं दिसतं, पण आकाशाचा जेमतेम ०.६ अंशाचा तुकडा. गाभ्याचा धुरकट गोळा दिसतो, बाकी सगळी बाहेर. साध्या द्विनेत्रीतून ती जास्त देखणी वाटते.

“काका, काहीच दिसत नाहीये.”

“बाळा, नळीला हात लावू नकोस. डोळा थोडा मागे घे. हं, आता?”

या संवादात यंत्राची खरी कमाई आहे. मोटर नसेल तर तारा अडीच-तीन मिनिटांत नेत्रिकेतून निघून जातो, आणि रांगेतल्या दर दोन-तीन माणसांमागे कोणाला तरी नळी ढकलावी लागते. इथे ती स्वतःच मागोवा घेते. दाखवणारा मोकळा राहतो, प्रश्नांची उत्तरं देतो.

जुनी मंडळी मात्र नाक मुरडतात. सेलेस्ट्रॉनची संगणकीकृत ‘कॉम्प्युस्टार’ १९८७ मध्ये आली, मीडची ‘एलएक्स २००’ १९९२ मध्ये. तेव्हापासूनचा हा वाद. ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत देवयानी गाठणाऱ्याला आकाश पाठ होतं, बटण दाबणाऱ्याला आकडे. हे खरं आहे. पण व्याध कुठला ते ओळखता येणाऱ्याचीच जुळणी लवकर होते, हेही तितकंच खरं. विमानाच्या दिव्याला तारा समजून ‘एंटर’ दाबणाऱ्याला यंत्र काही वाचवत नाही.

मध्यरात्रीनंतर दव पडतं, पुढच्या काचेवर धुकं धरतं. पुठ्ठ्याचं किंवा फोमचं नळकांडं आधीच चढवलं असेल तर धुकं धरणं लांबतं, नाहीतर पाहणं थांबतं.

आता नव्या छोट्या यंत्रांनी जुळणीही काढून टाकली आहे. ‘सीस्टार एस ५०’चं भिंग ५० मिलिमीटरचं, वजन अडीच किलो. ते आकाशाचा फोटो काढतं, ताऱ्यांच्या मांडणीवरून आपण कुठे बघतोय ते स्वतः ओळखतं आणि चित्र फोनवर पाठवतं. नेत्रिकाच नाही. मृगाचा तेजोमेघ त्यात गुलाबी दिसतो, आठ इंचीला लाजवेल असा. पण नाभीय अंतर २५० मिलिमीटर, त्यामुळे ग्रह दाण्याएवढे राहतात. शनीची कडी नीट पाहायची तर अजूनही मोठ्या नळीमागेच रांग लावावी लागते.