ट्रान्समिशनचं तेल : एका बाटलीचा प्रश्न, काही हजार डॉलरचं उत्तर

आपल्यापैकी बहुतेकजण गाडी शिकलो ते क्लच दाबून. डावा पाय क्लचवर, डावा हात गिअरवर, आणि चढावर गाडी मागे घसरू नये म्हणून देवाचा धावा. अमेरिकेत आलो आणि डावा पाय कायमचा निवृत्त झाला. गिअर कधी पडतो, कोण टाकतं, याचा विचार करायची गरजच उरली नाही. नेमकी तिथेच गोम आहे. इंजिन ऑइल आपण नेमाने बदलतो, टायरमधली हवा बघतो. पण ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमध्येही तेल असतं, ते जुनं होतं, आणि ते भलतंच घातलं तर गिअरबॉक्सचा निकाल लागतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात गाडीचं तेल कुठून आलं, असं कुणी विचारील. तर मंडळी, हा गाडीच्या आरोग्याचा आणि आपल्या खिशाचा, दोन्हींचा प्रश्न आहे. ट्रान्समिशन बदलायचं तर काही हजार डॉलर जातात. जुन्या गाडीच्या बाबतीत हा खर्च गाडीच्या किमतीएवढाही होऊ शकतो. आणि नोकऱ्यांची शाश्वती नसण्याच्या दिवसांत असलेली गाडी आणखी चार वर्षं चालवणं ही पुष्कळ घरांची गरज असते. माझी पदवी मेकॅनिकलची, पोट मात्र सॉफ्टवेअरवर. मी मेकॅनिक नाही. पण जे वाचलं, गाडीखाली झोपून पाहिलं, ते सांगतो.

तेलाची चार कामं

मोठ्या प्रमाणावर विकलं गेलेलं पहिलं पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन म्हणजे जनरल मोटर्सचं हायड्रामॅटिक. १९३९ साली ते ओल्ड्समोबिल गाडीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आलं. तेव्हापासून आजपर्यंत यंत्र पुष्कळ बदललं, पण त्याचा जीव तेलातच राहिला. इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ट्रान्समिशनच्या तेलाला मात्र एका वेळी चार नोकऱ्या कराव्या लागतात. एक, इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे पोचवायची. दोन, दाबाखाली बारीक नळ्यांमधून आणि व्हॉल्व्हमधून जाऊन गिअर बदलायचे. तीन, गिअर आणि बेअरिंगना वंगण द्यायचं आणि उष्णता वाहून न्यायची. आणि चार, आतल्या क्लचप्लेट एकमेकींना किती पटकन आणि किती हळुवार पकडतील, हे ठरवायचं.

हे चौथं काम सगळ्यांत नाजूक. वंगण म्हणजे घसरवणं, आणि क्लच म्हणजे पकडणं. एकाच तेलाने दोन्ही करायचं. प्लेट फार घसरल्या तर जळतात. फार झटकन पकडल्या तर गाडी हिसका देते. म्हणून तेलात घर्षण हवं तेवढंच ठेवणारी रसायनं घालतात, आणि त्यांचं प्रमाण त्या त्या कंपनीच्या क्लचप्लेटच्या कागदाशी, दाबाशी आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमशी जुळवलेलं असतं. एका कंपनीचं तेल दुसरीला चालेलच असं नाही, ते यामुळे.

याचं जुनं उदाहरण फोर्ड आणि जनरल मोटर्सचं. फोर्डच्या जुन्या ‘टाइप एफ’ तेलात घर्षण कमी करणारी रसायनं नसत. त्यांचा क्लच चटकन पकडे. जनरल मोटर्सच्या ‘डेक्सरॉन’मध्ये ती असत, त्यांचा गिअर मऊ पडे. दोन्ही तेलं लाल, दोन्ही दिसायला सारखी, पण अदलाबदल केली की तक्रार सुरू. आणखी एक गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात हे घर्षण साधायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७० साली अमेरिकेने हा मासा धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातला, आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. सत्तरच्या दशकात आलेलं डेक्सरॉन-२ हे देवमाशाशिवायचं.

बाटल्यांवरची नावं

आज दुकानात गेलं तर शेल्फवर वीस-पंचवीस बाटल्या दिसतात. त्यातल्या आपल्या मंडळींच्या गाड्यांना लागणाऱ्या काही सांगतो.

टोयोटा आणि लेक्सस : जुन्या गाड्यांत ‘टाइप टी-फोर’, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत ‘डब्ल्यूएस’. हे दुसरं जास्त पातळ आहे. दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

होंडा आणि अॅक्युरा : पूर्वीचं ‘झेड-वन’ बंद करून कंपनीने त्याच्या जागी ‘डीडब्ल्यू-वन’ आणलं, जुन्या गाडीत नवं चालतं. नंतरच्या काही मॉडेलना मात्र वेगळं तेल लागतं, आणि सीव्हीटी असलेल्या होंडांना ‘एचसीएफ-२’.

निस्सान आणि सुबारू : यांच्या पुष्कळ गाड्यांत सीव्हीटी असतं, म्हणजे गिअरऐवजी पट्टा किंवा साखळी आणि दोन कप्प्या. त्यात साधं ट्रान्समिशन तेल अजिबात घालू नये. कप्पीवर साखळी घसरली की यंत्र कायमचं खराब होतं.

जनरल मोटर्स : २००५ साली आलेलं ‘डेक्सरॉन-६’ त्यांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्येही चालतं, पण ज्या गाडीला डेक्सरॉन-६ हवं तिच्यात जुनं डेक्सरॉन-३ घालता येत नाही. डेक्सरॉन-३ चे परवाने कंपनीने २००६ च्या अखेरीस बंद केले. तरी ते नाव छापलेल्या बाटल्या अजून मिळतात. त्यामागे आता जनरल मोटर्सची तपासणी नाही. खऱ्या डेक्सरॉन-६ च्या बाटलीवर ‘जे’ अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो बघावा.

क्रायस्लर आणि डॉज : पुष्कळ गाड्यांना ‘एटीएफ प्लस फोर’. मंडळींच्या जुन्या मिनीव्हॅन याच जातीच्या.

तेलाच्या रंगावर जाऊ नका. लाल रंग नुसता गळती ओळखण्यासाठी घातलेला असतो. त्यावरून जात कळत नाही.

‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ तेल

आता खरा प्रश्न. बऱ्याच बाटल्यांवर ‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला पंधरा-वीस नावांची यादी. तिथले शब्द नीट वाचावेत. गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली आहे असं लिहिणं वेगळं, आणि ‘या गाड्यांना योग्य’ असं तेल बनवणाऱ्याने स्वतःच म्हणणं वेगळं. पहिल्यात दुसऱ्या कुणाची तरी सही आहे. दुसऱ्यात विकणाऱ्याचाच शब्द. काही नामांकित कंपन्यांची अशी तेलं चांगली चालतात, हे खरं. पण जे तेल पातळ डब्ल्यूएसच्या जागीही चालतं आणि जाड डेक्सरॉन-३ च्या जागीही, ते दोघांपैकी एकाच्या बाबतीत तडजोड असणारच. १०० अंश सेल्सिअसला जुन्या डेक्सरॉन-३ ची चिकटता साधारण सात-साडेसात असते, आणि डब्ल्यूएसची साडेपाचच्या आसपास. इतकं अंतर एका बाटलीत कसं बसवणार?

आमचे एक स्नेही बेलव्ह्यूतच राहतात. गेल्या वर्षी त्यांची नोकरी गेली. एच-वन व्हिसावर नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे आपल्याला सांगायला नको. त्याच पंधरवड्यात त्यांची २०१० ची ओडिसी व्हॅन फोर-ओ-फाइव्ह हायवेवर चाळीस मैलांच्या वेगाला थरथरू लागली. जणू रस्त्यावर बारीक गतिरोधक टाकलेत. एका गॅरेजने सांगितलं, ट्रान्समिशन गेलं, साडेचार हजार डॉलर. घरात दोन मुलं, मुलाखती चालू, आणि गाडी एकच.

आम्ही त्यांच्या जुन्या पावत्या काढून बसलो. चार महिन्यांपूर्वी एका झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानात ट्रान्समिशनचं तेल बदललं होतं, आणि पावतीवर लिहिलं होतं, ‘युनिव्हर्सल’. थरथर त्यानंतर सुरू झालेली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण साडेचार हजार घालण्याआधी सव्वाशे डॉलरचा प्रयोग करून बघायला हरकत नव्हती.

या व्हॅनचं तेल बदलणं सोपं आहे. खालच्या बोल्टमध्ये रॅचेटचं चौकोनी टोक थेट बसतं. बोल्टच्या चुंबकावर करडी बारीक लोखंडाची लुकण असते, ती असायचीच. मात्र तुकडे दिसले तर आशा सोडावी. आम्हाला तुकडे दिसले नाहीत.

एका वेळी जेमतेम तीन-सव्वातीन क्वार्ट तेल निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. समजा, एका वेळी ४० टक्के बदलतं. पहिल्या खेपेला नवं तेल ४० टक्के. दुसऱ्या खेपेला उरलेल्या ६० चे ४० टक्के, म्हणजे एकूण ६४. तिसऱ्या खेपेला ७८. म्हणून मधे थोडी गाडी चालवून आम्ही तीनदा बदललं, होंडाचं डीडब्ल्यू-वन घालून. दुसऱ्या खेपेनंतर थरथर कमी झाली, तिसऱ्यानंतर जवळजवळ थांबली. स्नेह्यांना पन्नासाव्या दिवशी नोकरी मिळाली, आणि मुलाखतींना ते त्याच व्हॅनमधून गेले. प्रत्येक गाडीचं असं होईल असं मी म्हणणार नाही. प्लेट झिजून गेल्या असतील तर कोणतंही तेल त्यांना परत आणत नाही. पण आधी तेल तपासावं, मग चेकबुक काढावं.

‘जन्मभराचं’ तेल

काही कंपन्या सांगतात, हे तेल जन्मभर बदलायला नको. जन्म कुणाचा, तेवढं विचारावं. झेडएफ ही जर्मन कंपनी बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांची ट्रान्समिशन बनवते. गाडीवाले ‘जन्मभर’ म्हणत असताना झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, म्हणजे साधारण ५०,००० ते ७५,००० मैलांना, किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. यंत्र बनवणाऱ्याचा सल्ला मी जास्त मानतो.

तेलाची शत्रू उष्णता. कूगर माउंटनचे चढ, हायवेवरची संध्याकाळची मुंगीची चाल, आणि बर्फाच्या दिवसांत सामान भरून तीन हजार फुटांवरची स्नोक्वाल्मी खिंड ओलांडणं, यात ट्रान्समिशन तापतं. मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापरा’साठी वेगळं वेळापत्रक असेल तर आपलं तेच समजावं.

गॅरेजमध्ये जाताना

आमच्या २०१२ च्या कॅमरीला ट्रान्समिशनची डिपस्टिकच नाही. तेल साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअसला असताना, गाडी सपाट ठेवून, खालच्या छिद्रातून जास्तीचं वाहू देऊन पातळी ठरवावी लागते. असं काम मी गॅरेजला देतो, पण पुढच्या गोष्टी पाळून.

१. तेलाचं नाव मॅन्युअलमधून कागदावर उतरवून न्यावं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर विसंबू नये.

२. कोणतं तेल घालणार ते आधी विचारावं, आणि पावतीवर पूर्ण नाव लिहून घ्यावं. हवं ते त्यांच्याकडे नसेल तर बाटल्या आपण नेऊ का, विचारावं.

३. दाबाने ‘फ्लश’ करण्यापेक्षा साधं काढणं-भरणं बरं, विशेषतः जुन्या गाडीत. गिअर आधीच घसरत असेल तर तसं आधी सांगावं.

४. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याने, १०० डॉलरवरच्या कामाला आपण नको म्हटलं नाही तर लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि टॅक्स सोडून त्या अंदाजाच्या ११० टक्क्यांवर बिल न्यायचं तर आधी आपली परवानगी लागते. बदललेले जुने भाग हवे असतील तर काम देतानाच सांगावं.

५. ‘डीलरकडेच या, नाही तर वॉरंटी जाईल’ असं कुणी म्हटलं तर घाबरू नये. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे केवळ बाहेर सर्व्हिसिंग केलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र चुकीच्या तेलाने बिघाड झाला तर तो खर्च आपला. म्हणून पावत्या जपाव्यात.

६. घरी तेल काढलंत तर ते गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. फॅक्टोरियाच्या कचरा केंद्रावर घरगुती घातक कचरा घेतात. झाकणाच्या बाटलीत भरून, दुसरं काही न मिसळता न्यावं.

पुण्या-नाशिकचे भाऊ-बहीण फोनवर विचारतात, आमच्या ऑटोमॅटिकला हेच लागू का? भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून लोकप्रिय झालेलं एएमटी म्हणजे आतून आपला जुना क्लचचाच गिअरबॉक्स; क्लच फक्त यंत्र दाबतं. त्याला गिअर ऑइल लागतं, वर सांगितलेलं लाल तेल नव्हे. त्यांनाही एकच सांगावं : आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा.

येत्या शनिवारी दहा मिनिटं काढा. मॅन्युअलमधून तेलाचं नाव, शेवटी बदलल्याची तारीख आणि मैल एका कार्डावर लिहा आणि ते ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. गाडी तुमच्याऐवजी घरातलं दुसरं कुणी सर्व्हिसिंगला नेईल, तेव्हा तेच कार्ड काउंटरवर पुढे करता येईल.